जांघेतली शीर बंद असेल तर बाळाच्या हृदयात शिरायचं कुठून?

नमस्कार मंडळी! जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांचे आईबाबा हमखास विचारतात, "डॉक्टर म्हणाले जांघेतली शीर बंद झालीय, आता कॅथेटर, म्हणजे हृदयापर्यंत न्यायची ती बारीक नळी, घालणार कुठून?"

आधी ती बंद का होते ते बघू. तान्ह्या बाळाची शीर मुळातच बारीक. त्यातून कॅथेटर जातं, आयसीयूत तिथेच औषधांची नळी (लाइन) राहते, मग गुठळी होऊन ती कायमची बुजू शकते. आजूबाजूच्या छोट्या शिरा रक्त वाहून नेतात, त्यामुळे पाय ठणठणीत आणि घरी कुणाला पत्ता नाही.

मग पहिला विचार मानेचा. उजव्या बाजूची शीर वरच्या महाशिरेतून थेट हृदयात उतरते. पण थांबा, बाळाचं ग्लेन ऑपरेशन झालंय का? त्यात ही महाशीर हृदयापासून सोडवून फुफ्फुसाच्या धमनीला जोडतात. मानेतून गेलात तर त्या धमनीत पोचाल, हृदयात नाही.

अशा वेळी वाट काढतात लिव्हरमधून. हो, लिव्हरमधून! भूल दिलेल्या बाळाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांपाशी, सोनोग्राफी आणि एक्स-रे बघत बारीक सुई लिव्हरच्या शिरेत नेतात. तिथून हृदयाचा उजवा वरचा कप्पा हाकेच्या अंतरावर. खालची महाशीर जन्मतःच मध्ये तुटलेली असेल, तरीही ही वाट चालते. आत जाण्यापेक्षा बाहेर पडताना जास्त जपावं लागतं, कारण पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून कॅथेटर काढताना त्या वाटेत ती बुजवायला कॉइल (तारेचं वेटोळं) किंवा प्लग (बूच) ठेवतात, नंतर पोटाची सोनोग्राफी करतात. माझं स्पष्ट मत: हे काम नेहमी करणाऱ्या टीमकडेच करून घ्या.

नवजात बाळाला आणखी एक सोय असते, नाळेची शीर. पण ती काही दिवसच उघडी. फुग्याने हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं छिद्र मोठं करायची पद्धत डॉ. रॅशकिंड यांनी 1966 मध्ये मांडली. आज ती बऱ्याचदा नाळेतूनच, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत), इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी बघत करतात. डक्टमध्ये, म्हणजे महाधमनी आणि फुफ्फुसाची धमनी जोडणाऱ्या, जन्माआधीपासूनच्या नळीत, स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवायला काखेतली किंवा मानेतली धमनीही वापरतात.

तेव्हा पुढच्या ॲडमिशनला जुनी फाइल न्याच. आणि डिस्चार्जच्या वेळी सांगा, "डॉक्टर, कुठली शीर वापरली, कुठली बंद आहे, तेवढं कार्डावर लिहून द्या."