दिवे घाटात पिवळा पडणारा हेडलाइट

(दृश्य: संध्याकाळ, दिवे घाट. खाली मस्तानी तलाव. कडेला स्टँडवर लावलेली जुनी येझदी मोटरसायकल.)

वडकी मागे पडली की चढ सुरू होतो. आमची येझदी इथेच बंद पडायची. दिवसा ही गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. रविवारी सकाळी निघा, सासवडला मिसळ खा, जेवायला घरी या, कुठे अडखळणार नाही. पण अंधार पडला आणि हेडलाइट लावला, की तासाभरात हिचं नखरे करणं सुरू. आधी हॉर्नचा आवाज बसतो. मग समोरचा उजेड चहासारखा पिवळा होतो. आणि घाटात, मागे उसाचा ट्रक लागलेला असताना, इंजिन दोन-चार उचक्या देतं आणि शांत होतं.

ज्याला विचाराल तो कार्बोरेटरकडे बोट दाखवी. तीनदा जेट साफ झाला. नवा प्लग झाला, प्लगची टोपी झाली, ठिणगीसाठी हजारो व्होल्ट बनवणारी एचटी कॉइल झाली. कॉइलचे पैसे गेले त्याचं आजही वाईट वाटतं, कारण जुनी कॉइल धडधाकट होती.

(दृश्य: नाना पेठ. स्पेअर पार्टच्या दुकानांची रांग, आत गल्लीत एक छोटं गॅरेज.)

नाना पेठेत टू-व्हीलरचा पार्ट मिळाला नाही तर तो पुण्यात मिळणं कठीण. त्या दुकानांमागच्या एका गल्लीत हे गॅरेज आहे. इथल्या काकांनी गाडी बघितली, किल्ली फिरवली आणि पहिला प्रश्न विचारला, "बॅटरी घरी चार्जरला लावतोस का रे?"

लावत होतो. दर शनिवारी रात्री. नवी बॅटरी टिकावी म्हणून.

"मग रोग दिसणार कसा? तू दर आठवड्याला सलाइन चढवतोयस."

(दृश्य: उजवं कव्हर उघडतात. आत बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, त्याच्यावर पॉइंट, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांबरोबर उघडझाप करणारा स्विच.)

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनलेल्या या गाड्यांची ठिणगी बॅटरीच्या जिवावर चालते. बॅटरीतला ६ व्होल्टचा करंट कॉइलमध्ये जातो. पॉइंट बंद असेपर्यंत तिथे चुंबकत्व तयार होतं. पॉइंट उघडला की ते एकदम कोसळतं आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उसळतात. फॅरेडेने १८३१ मध्ये तारेच्या वेटोळ्यांवर जे दाखवलं, तेच इथे मिनिटाला काही हजार वेळा घडतं. शेजारचा कंडेन्सर पॉइंटवर उडणारी ठिणगी गिळतो. तो गेला तर पॉइंट जळून निळे-काळे पडतात आणि प्लगला नुसती सावली पोचते.

काकांनी प्लग काढला, टोपीत बसवून सिलिंडरच्या पात्यांना टेकवला आणि किक मारली. ठिणगी आली. बारीक, पिवळसर, वाऱ्याने हलेल अशी. चांगली ठिणगी निळसर असते आणि तिचा 'चट' असा आवाज ऐकू येतो. पॉइंटमध्ये त्यांनी ०.४ मिलिमीटरची पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज, सरकवली. गॅप बरोबर. एक जुनी लग्नपत्रिका फाडून, पेट्रोलमध्ये भिजवून पॉइंटमधून ओढली. पत्रिकेवर काळा पट्टा उमटला. तेलाचा थर होता, पण एवढ्याने गाडी घाटात मरत नाही.

आता बॅटरी. पूर्ण भरलेली ६ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना ६.३-६.४ दाखवते. इंजिन चालू करून रेस दिली की आकडा ७ किंवा थोडा वर चढायला हवा. आमचा ६.१ वर बसला तो हलेना. म्हणजे चार्जिंग शून्य.

हे मला ठाऊक होतं, खोटं कशाला बोलू. महिनाभर ठाऊक होतं. डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर गेला असं समजून जुन्या बाजारातून दुसरा आणला होता, बुधवारची सुट्टी टाकून. फरक पडला नाही. डायनॅमोचे कार्बन ब्रश बदलले. नाही. यूट्यूब बघून मल्टिमीटरने अर्थिंगही, म्हणजे करंटची चेसिसमधून बॅटरीकडे परतायची वाट, तपासली होती. एक पिन बॅटरीच्या करंटच्या (प्लस) टोकाला, दुसरी रेग्युलेटरच्या बॉडीला. मीटर म्हणाला ६.१. अर्थिंग पास, असं वहीत लिहून ठेवलं होतं.

(दृश्य, जवळून: काकांच्या हातात एक इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी, दोन चिमटे.)

काकांचं यंत्र हे एवढंच. जुन्या इंडिकेटरचा होल्डर, त्यात ६ व्होल्टचा बल्ब. एक चिमटा बॅटरीच्या करंटला लावला, दुसरा अर्थच्या टर्मिनलला. बल्ब लख्ख. मग दुसरा चिमटा उचलून रेग्युलेटरच्या बॉडीवर टेकवला.

बल्बची तार जेमतेम लाल झाली. उदबत्तीच्या टोकाएवढी.

"आता मीटर लाव तिथंच."

लावला. बल्ब काढल्यावर ६.१.

इथे थोडं थांबू या. मल्टिमीटर व्होल्ट मोजताना करंट जवळजवळ ओढतच नाही. त्यामुळे गंजलेल्या नटातून, रंगाच्या थरातून, वायरीच्या एकाच उरलेल्या केसातून जरी वाट असली तरी तो खुशाल पूर्ण आकडा दाखवतो. बल्बला मात्र खरोखर करंट लागतो. पायवाटेवरून एक माणूस जातो म्हणून पालखी जाईलच असं नाही. आणि ६ व्होल्टच्या गाडीत ही गोष्ट दुप्पट बोचते. ३५ वॅटचा १२ व्होल्टचा बल्ब साधारण ३ अँपिअर ओढतो, तेवढ्याच वॅटचा ६ व्होल्टचा बल्ब ६ ओढतो. जॉइंटमध्ये अर्धा व्होल्ट हरवला तर १२ मधला अर्धा आणि ६ मधला अर्धा सारखा कसा असेल?

डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा स्विच म्हणजे रेग्युलेटरमधला कटआउट. त्याच्या कॉइलला बॉडीतूनच अर्थ मिळतो. ती अर्थ तुटली की कटआउट जुळत नाही आणि डायनॅमो फिरत राहिला तरी बॅटरीला काही पोचत नाही. दिवसा ठिणगीची कॉइल एकटी बॅटरी खाते, ते भागतं. हेडलाइट लागला की दोघं मिळून खातात. व्होल्टेज उतरतं, ठिणगी पिवळी पडते आणि चढाला, जिथे ठिणगी दमदार लागते, तिथेच गाडी हात टेकते.

पण अर्थ तुटली कशी?

(दृश्य: काळीभोर चमकणारी चेसिस. काका रेग्युलेटरचा बोल्ट काढतात.)

दसऱ्याच्या आधी मी चेसिसला पावडर कोटिंग करून घेतलं होतं. काय दिसते गाडी! लोक सिग्नलला काच खाली करून विचारतात. तोच जाड, सुंदर, वीज न वाहणारा थर बोल्टच्या खालीही बसला होता. हेडलाइट बसवताना चार्जिंग नसलं की पेटणाऱ्या लाल दिव्याचा बल्बही घालायचा राहिला. तो असता तर पहिल्याच दिवशी डोळे वटारून बसला असता.

पुढचं काम वीस मिनिटांचं. बोल्टखालचा रंग पात्याने खरवडून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घातला, वर ग्रीस. शिवाय रेग्युलेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थपर्यंत आणि तिथून इंजिनच्या बोल्टपर्यंत जाड वायर. लाल दिव्याचा बल्ब घातला. किक. रेस दिली तसा लाल दिवा विझला आणि मीटर ७.१ वर गेला. काकांनी मीटरकडे बघितलंसुद्धा नाही. ते हेडलाइटकडे बघत होते.

गॅरेजमध्ये तेव्हा एक यामाहा आरएक्स १०० पण उभी होती. पावसात भिजल्यापासून ठिणगी नाही. तिचा हिशेब उलटा. तिची सीडीआय, म्हणजे पॉइंटऐवजी ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, मॅग्नेटमधल्या कॉइलवर चालते, बॅटरी मेली तरी किकवर ठिणगी येते. ती बंद करायची तर किल्ली सीडीआयची एक वायर अर्थला जोडते. स्विचमध्ये पाणी शिरलं की नको असलेली अर्थ आपोआप मिळते. काकांनी ती एक वायर सॉकेटमधून उपटली आणि किक मारली. ठिणगी हजर. येझदी अर्थ नाही म्हणून अडली होती, ही अर्थ जास्त झाली म्हणून. सीडीआय बॉक्स मागवायला निघालेला तिचा मालक परत येऊन स्टुलावर बसला.

(दृश्य: रात्र. दिवे घाट. येझदीचा उजेड वळणावर पडतो.)

त्याच संध्याकाळी घाट चढलो. मुद्दाम हेडलाइट लावून, मुद्दाम हॉर्न वाजवत. लाल दिवा मिटलेला. वरच्या वळणावर थांबून गाडी तशीच चालू ठेवली आणि खाली पुण्याचे दिवे बघत बसलो.

परतताना मागून मित्र ओरडत आला. माझा टेललॅम्प प्रत्येक गतिरोधकावर विझत होता आणि पुन्हा लागत होता.

पावडर कोटिंग मडगार्डलाही केलं होतं.