कुऱ्हाडीला पाणी देताना

(दृश्य: भंगारातले पाटे)
पुणे–हैदराबाद महामार्ग सोलापुरातून जातो, त्यामुळे ट्रकच्या कमानीचे तुटके पाटे इथल्या भंगारात सहज मिळतात. या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के. हातकुऱ्हाडीला पाणी द्यायला, म्हणजे तापवून झटकन गार करून धार कडक करायला, तेवढा पुरतो. घासून बारीक तडे मात्र तपासायचे, ते पुढं वाढतातच.

(दृश्य: भट्टी, भाता)
घडाई झाली आहे. तुंबा, म्हणजे दांडा बसायचा भोकाचा जाड भाग, पाडलाय, धार मुद्दाम दोन मिलिमीटर जाड ठेवलीय. आत्ताच पातळ केली तर तेलात वाकते नाहीतर चिरते. आधी तीन वेळा लाल करून हवेतच गार होऊ द्यायची. घणाखाली बसलेला ताण त्यानं निघतो, पोलादाचे कण बारीक होतात.

भट्टीभोवती पोत्यांचा आडोसा आहे, तो रंगासाठी. सोलापूरच्या उन्हात तापलेलं पोलाद आहे त्याहून काळपट दिसतं. मग भाता चालूच राहतो, कण फुगतात, आणि अशी धार बाभळीच्या पहिल्याच गाठीवर उडते.

चुंबक चिकटायचा थांबला की ७७० अंशांच्या आसपास पोचलो. या पाट्याला अजून वर न्यायचं, साडेआठशेपर्यंत. नारिंगीकडे झुकलेला लाल, सगळ्या पात्यावर एकसारखा.

(दृश्य: तेल, ज्वाळा)
करडईचं तेल, ५०-६० अंशांना तापवलेलं. गार तेल दाट असतं, उष्णता हळू ओढतं; साधं पाणी इतक्या वेगानं ओढतं की पाट्याला तडा जाऊ शकतो. धारेकडचा दोन बोटं रुंद भागच बुडवायचा आणि कुऱ्हाड वरखाली हलवत राहायचं. स्थिर धरली तर तेलाच्या रेषेवर चीर पडते. तुंबा मऊच हवा, घावाचा धक्का तो झेलतो. लोखंडी झाकण हाताशी असावं. पेटलेल्या तेलावर पाणी कधीच नाही.

धारेवर कानस लावून पाहिली, ती घसरली. धार कडक झाली, पण ठिसूळही.

(दृश्य: पात्यावरचे रंग, जवळून)
तुंब्याची लाली गेली की पातं विटेच्या तुकड्यानं चकचकीत घासायचं. आतली उष्णता आता धारेकडे येते, तसे रंग सरकतात. फिकट पिवळा, गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, मागून निळा. सुरी पिवळ्यावर थांबवतात. कुऱ्हाडीला मार खायचाय, म्हणून तपकिरी जांभळ्यात उतरताना, २७०-२८० अंशांना. कोपरे पातळ, तिथले रंग पुढं पळतात. तिथं ओलं फडकं टेकवायचं. जांभळा धारेवर आला की अख्खी कुऱ्हाड तेलात. निळा पोचला तर धार मऊ पडली, पुन्हा भट्टीपासून सुरुवात.

हा रंग ओळखणारी नजर लोहार आणि घिसाडी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. बाजारातल्या रंगवलेल्या कुऱ्हाडीवर हा रंग पारखताच येत नाही. अशा भट्ट्या आता थोड्या उरल्यात.

(दृश्य: सहाण)
शेवटची धार ओल्या दगडावर. ग्राइंडर लावलाच तर दर घासणीला पाण्यात बुडवून. धारेवर निळी झाक आली की दिलेलं पाणी तिथं उतरलं.