आडनाव : रेल्वे

(दृश्य : सकाळ. फलाटावरची पिवळी पाटी.)

अमरावती जिल्ह्यात दोन तालुक्यांना जणू 'रेल्वे' हे आडनाव लागलंय. चांदूर रेल्वे आणि धामणगाव रेल्वे. चांदूरच्या माणसाला तर ते सांगावंच लागतं, कारण याच जिल्ह्यात चांदूर बाजारही आहे.

१८६७ साली मुंबईचे रूळ नागपूरला टेकले. वऱ्हाडात त्यांना ओढून आणलं कापसानं. बंडीतला कापूस जिनिंगमध्ये रिकामा व्हायचा, सरकी निघायची, रुई प्रेसमध्ये दाबून गठाणी बांधायच्या. गठाण जड, आणि हमाली पावलागणिक वाढते. म्हणून प्रेस रुळाला खेटून. प्रेसशेजारी अडत्या, दुकानाच्या वर त्याचंच घर, पलीकडे धर्मशाळा, खानावळ. अमरावती मुख्य मार्गावर नव्हती, तर बडनेऱ्याहून फाटा काढून गाडी शहरात नेली. खामगावसाठी जलंबहून तसंच केलं. माणसांसाठी एवढी धडपड कुणी केली असती का, शंकाच आहे.

(दृश्य : बंद जिनिंग, गंजलेलं पत्र्याचं छप्पर.)

रुळाला खेटून राहायचा तोच हिशेब आज नागपुरात नियमांत लिहिलाय. मेट्रो मार्गाच्या दोन्ही अंगांना ५०० मीटरपर्यंत ४ पर्यंत एफएसआय. म्हणजे अटी पाळल्या तर प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या चौपटीपर्यंत बांधकाम. घर, ऑफिस, दुकान, सगळं सहा-सात मिनिटांच्या चालीवर. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात तेवढंही जिवावर येतं, ते सोडा.

आमच्या तालुक्यांना टॉवर नकोत. जुन्या अडतीवर दोन मजले चढले, तिथं मुलींचं वसतिगृह आलं, खाली तलाठ्याचं, बँकेचं काम झालं, तरी खेड्यातून आलेल्या बाईची अर्धी मजुरी वाचेल. जागा आहे. जिनिंगचीच आहे.

पण सरकारची नजर वळली मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाकडे. तो याच दोन तालुक्यांतून जातो, आणि त्याच्या काठानं नवनगरं वसवायची योजना निघाली. त्या रस्त्यावर दुचाकीला मनाई, ऑटोलाही. पायी चालणाऱ्याचं तर नावच नको.

(दृश्य : गाडी थांबते.)

उतरलेली माणसं जिनिंगच्या भिंतीकडेनं बाहेर येतात. कुणाच्या हातात सातबाऱ्याची पिशवी, कुणाच्या कडेवर लेकरू. ऑटोवाला सीट भरेपर्यंत हलत नाही.