आर्नोकाठची छत्री आणि फ्लोरेन्सचे चार दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

इटलीच्या सहलीचं कुठलंही माहितीपत्रक उघडून बघा. रोमला दोन दिवस, व्हेनिसला एक, पिसाचा कलता मनोरा जाता जाता, आणि फ्लोरेन्सच्या वाट्याला बहुतेक वेळा एक दुपार. बस शहराबाहेर थांबते, गाइड छत्री उंच धरून पुढं चालतो, कॅथेड्रल बाहेरून दाखवतो, चौकातल्या डेव्हिड या मायकलअँजेलोच्या पुतळ्याच्या नकलेपुढं फोटो होतो आणि संध्याकाळी बस पुढच्या गावाला लागते. मला याचं वाईट वाटतं. ज्या शहरात आपला एक राजा आर्नो नदीच्या काठावर कायमचा विसावला, त्या शहराला आपण निदान चार रात्री द्यायला हव्यात. आज तेच सांगायला आले आहे.

आम्ही कोल्हापूरचे. बाबा राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, पुढं जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. ज्यांच्या नावानं कॉलेज आहे ते छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे राजर्षी शाहूंच्या आधीच्या पिढीतले, 1870 साली विलायतेला गेले. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये त्यांचं आजारपण वाढलं आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी आर्नोकाठच्या एका हॉटेलात त्यांनी देह ठेवला. वय अवघं वीस. बाबांनी ही गोष्ट वर्गात कितीदा सांगितली असेल, पण ती जागा डोळ्यांनी पाहिली नव्हती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी म्हणाले, "एकदा घेऊन चल." आमच्या सहलीची आखणी सुरू झाली ती अशी, शेवटच्या ठिकाणापासून मागे मागे.

आधी व्हिसा. इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर विसंबू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीत. एकाहून जास्त देश करणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री काढणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. बरोबर वडीलधारी माणसं असतील तर रक्तदाब, मधुमेह, जे काही असेल ते विम्याच्या अर्जात स्पष्ट लिहा, लपवू नका. औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत घ्या, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा.

मुंबईहून फ्लोरेन्सला थेट विमान नाही. आम्ही रोमला उतरलो आणि तिथून रेल्वेनं गेलो. वेगवान गाडीला दीड तास लागतो आणि ती तुम्हाला सांता मारिया नोव्हेल्ला या स्थानकावर, म्हणजे अगदी शहराच्या मध्यात सोडते. गाडी भाड्यानं घेऊन जाण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका. जुन्या शहराच्या बऱ्याच भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे लावलेले आहेत आणि दंडाचा कागद कधीकधी आपण घरी पोचल्यावर येतो. तसंही जुनं फ्लोरेन्स पायी फिरायचं गाव आहे. रस्ते दगडी फरशांचे, म्हणून नवे बूट तिथं घालायला काढू नका. घरी महिनाभर वापरून मऊ करा आणि मग न्या.

आता तिकिटांचं. उफ्फीत्सी हे चित्रांचं संग्रहालय आणि जिथं मूळ डेव्हिड उभा आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी माझं आजचं बोलणं वाया गेलं नाही असं मी समजेन, कारण रविवारी रात्री पोचून मंगळवारी सकाळी निघणारे कितीतरी लोक दोन्हींना मुकतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, पण त्या दिवशीची रांग वयस्कर माणसांना झेपणारी नसते. त्यापेक्षा पैसे मोजून आधी वेळ ठरवलेली बरी.

आणि वेळ म्हणजे वेळ. कॅथेड्रलच्या घुमटावर चढायचं आमचं आरक्षण होतं. सकाळी बाबांचा चहा झाला, रस्त्यात एका दुकानापाशी मी रेंगाळले, आणि आम्ही उशिरा पोचलो. दारावरच्या माणसानं तिकीट पाहून मान हलवली. पुढची जागा कधी, तर दोन दिवसांनी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोष माझाच होता. चार रात्रींचा मुक्काम होता म्हणून दोन दिवसांनी मी पुन्हा जाऊ शकले. एका दुपारच्या पाहुण्याला ती संधी नाही.

त्या घुमटाबद्दल थोडं सांगते. कॅथेड्रलचं काम 1296 साली सुरू झालं. भिंती उभ्या राहिल्या, पण वरचं चाळीस मीटरहून रुंद भगदाड झाकायचं कसं, हे कुणालाच उमगेना. एवढ्या रुंदीला आणि उंचीला खालून लाकडी आधार द्यायचा तर तेवढं लाकूड आणायचं कुठून? शेवटी ब्रुनेल्लेस्की नावाच्या माणसानं, जो मूळचा सोनारकामात तयार झालेला, 1420 ते 1436 या काळात खालचा आधार न देता घुमट बांधून काढला. एकात एक असे दोन घुमट, आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचलेल्या, म्हणजे ओला थर सुकेपर्यंत खाली घसरू नये. चढताना आपण त्या दोन घुमटांच्या मधल्या बोळातून जातो. 463 पायऱ्या, लिफ्ट नाही. मध्ये एका ठिकाणी मी थांबले आणि भिंतीला हात लावला. उभी वीट, आडव्या विटा, पुन्हा उभी वीट, अशी ती वीण हाताला लागते. आपल्या शेजारचा विजापूरचा गोल घुमट यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी झाला. तोही मी पाहिला आहे आणि त्याचा अभिमान आहे. पण घुमट बांधणाऱ्याची अडचण विटेपर्यंत जाऊन मला कळली ती फ्लोरेन्सला. गुडघ्यांचा त्रास असेल तर मात्र हट्ट करू नका. बाबा खाली चौकात बाकावर बसले आणि त्यांनी बाप्तिस्मागृहाचं सोनेरी दार तासभर निवांत पाहिलं. तेही कमी नाही.

डेव्हिडची एक गोष्ट बाबांनी तिथं सांगितली. मायकलअँजेलोनं 1501 ते 1504 मध्ये तो कोरला, पाच मीटरहून उंच. 1873 साली तो अकादेमियात हलवला. म्हणजे राजाराम महाराज शहरात आले तेव्हा मूळ मूर्ती उघड्या चौकात ऊनपाऊस खात उभी होती. आणि हे शहर तेव्हा इटलीची राजधानी होतं, 1865 ते 1871 एवढीच काही वर्षं.

अकादेमियाच्या जवळच रंगीत दगडांच्या जडावकामाचं एक लहान संग्रहालय आहे. तिथं गर्दी नसते. ते मी मुद्दाम सांगते, कारण जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ज्या चौथऱ्यावर ठेवलं आहे, तो संगमरवरी चौथरा फ्लोरेन्सच्या अशाच कामाचा आहे. तोस्काना, म्हणजे फ्लोरेन्सच्या प्रांताचा राज्यकर्ता, ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याची ती भेट, घडवली फोज्जिनी या फ्लोरेन्सच्या शिल्पकारानं, आणि गोव्यात बसवली 1698 साली. आपल्यातल्या कितीतरी जणांनी फ्लोरेन्सचं हे काम पणजीहून दहा किलोमीटरवर आधीच पाहिलेलं आहे, फक्त ते तिथलं आहे हे ठाऊक नसतं.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लोरेन्सचा व्यापारी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आला आणि 1588 साली गोव्यातच वारला. त्यानं घरी लिहिलेल्या पत्रांत नोंदवलं की इथल्या पंडितांच्या भाषेतले आणि आपल्या भाषेतले शब्द जुळतात, विशेषतः आकडे. तुम्हीच ऐका. सहाला इटालियनमध्ये सेई, साताला सेत्ते, आठाला ओत्तो, नऊला नोवे. आमचे बाबा भाजीवाल्या बाईकडे बोटं दाखवून 'सेत्ते' म्हणायला शिकले ते असेच, सातावरून.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळी नेहमी विचारतात. फ्लोरेन्समध्ये उपाशी राहाल असं अजिबात नाही. रिबोल्लीता म्हणून एक दाट सूप मिळतं. शिळा पाव, काळसर पालेभाजी, घेवड्याच्या शेंगांतले पांढरे दाणे, सगळं पुन्हा उकळलेलं. आपल्या शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याचीच ही चुलत बहीण म्हणा. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटो आणि पावाचं तसंच एक. पण 'मांस घातलं आहे का' हे विचारून घ्या, कारण काही ठिकाणी चवीला डुकराच्या मांसाचा तुकडा पडतो. 'सेन्त्सा कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा. पार्मेजान चीज वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, घालून बनवतात, तेव्हा जे काटेकोर आहेत त्यांनी ते टाळावं. आणि तिथल्या पावात मीठ नसतं. पहिल्या दिवशी बाबांनी तुकडा तोंडात घालून माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं दात दुखला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यावर ऑलिव्ह तेल ओतलं, चिमटीनं मीठ भुरभुरलं आणि म्हणाले, "आता भाकरी-तेल-मीठ झालं." नंतर रोज न्याहारी तीच. बिलात 'कोपेर्तो' असं लिहून माणशी थोडे पैसे लावलेले दिसले तर बुचकळ्यात पडू नका, टेबलावर बसण्याचा तो आकार आहे.

चर्चमध्ये जाताना खांदे झाकलेले हवेत. ओढणी किंवा उपरणं पिशवीत ठेवा. सांता क्रोचेला जरूर जा, तिथं मायकलअँजेलो आणि गॅलिलिओ यांची थडगी आहेत. गावातून चालताना भिंतींवर कुठं कुठं माणसाच्या डोक्याच्या वर एक लहान पाटी दिसेल, 4 नोव्हेंबर 1966. आर्नोचं पाणी त्या दिवशी तिथपर्यंत चढलं होतं. पंचगंगेचा पूर पाहिलेल्या माणसाला त्या पाटीपुढं थांबावंच लागतं. बाबा प्रत्येक पाटीपाशी थांबले.

शेवटचा दिवस आम्ही कुठलंही आरक्षण न करता मोकळा ठेवला होता. सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकापासून ट्राम घेतली आणि कास्सीने उद्यानापाशी उतरलो. हे उद्यान नदीला लागून लांबच लांब पसरलेलं आहे. मंगळवारी सकाळी तिथं मोठा आठवडी बाजार भरतो. आपल्याला जायचं असतं अगदी दुसऱ्या टोकाला, म्हणजे उतरल्यावर आणखी दोन-तीन किलोमीटर सपाट वाट. सायकलवाले, पळणारे, कुत्र्यांना फिरवणारे म्हातारे. बाबा दर थोड्या वेळानं बाकावर बसायचे, मी पाणी द्यायची. घाईचा दिवस असता तर हे जमलंच नसतं.

टोकाला मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. महाराजांचे अंत्यसंस्कार झाले ते याच जागी, कारण बरोबरच्या मंडळींना हिंदू रीतीनं दहन करायचं होतं आणि त्यासाठी संगम हवा होता. इटलीत तेव्हा दहनाची पद्धत नव्हती, म्हणून खास परवानगी काढावी लागली. परक्या देशात, थंडीत, त्या माणसांनी संगम शोधून काढला. पुढं 1874 साली तिथं स्मारक म्हणून दगडी छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी नंतर कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा, फुलर या शिल्पकाराचा, रंगवलेला. डोक्यावर पागोटं, गळ्यात दागिने, चेहरा अगदी कोवळा. खाली चार भाषांत लेख आहेत. मागे आर्नोवर मोठा पूल आहे, त्याचं नावच 'पोन्ते अल्लिंदियानो', म्हणजे भारतीयाजवळचा पूल. तिथले लोक त्या सगळ्या परिसरालाच 'इंदियानो' म्हणतात.

बाबांनी कठड्यापाशी बूट काढले. ऑक्टोबरची थंडी होती, मी म्हटलं, "मोजे तरी राहू द्या." त्यांनी मोजेही काढले. पंचगंगेच्या काठी छत्रपतींच्या समाधींपाशी जसे ते उभे राहतात, तसे हात जोडून उभे राहिले. मग पुतळ्याकडे बघत म्हणाले, "वर्गात मी वीस वर्षांचा राजा म्हणायचो, आणि पोरं हसायची, एवढा लहान राजा असतो होय? आता बघ. खरंच पोरगा आहे गं."

एक सायकलवाली बाई थांबली. तिनं बाबांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग छत्रीकडे बोट दाखवून विचारलं, "इंदियानो?" बाबांनी आधी पुतळ्याकडे, मग स्वतःच्या छातीकडे हात नेला आणि म्हणाले, "कोल्हापूर." बाई हसली, तो शब्द तिनं दोनदा म्हणून पाहिला आणि निघून गेली. आम्ही तिथं अंधार पडेपर्यंत बसलो. परतीच्या ट्रामची वेळ मी आधीच लिहून ठेवली होती.

नमस्कार.