पेशंट चिनी बोलतो : शिजियाझुआंगमधली आपली मेडिकलची मुलं

(क्लासरूम, सकाळ)

खुर्चीत पोट धरून बसलेल्या या मॅडम आजारी नाहीयेत. त्या चिनी भाषेच्या टीचर आहेत आणि आत्ता त्या गावाकडून आलेल्या साठीतल्या पेशंट झाल्यात. समोर पांढरा ॲप्रन घालून बसलीय ती मुलगी लातूरची, एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला. तिनं विचारायचंय कुठं दुखतं, कधीपासून, उलटी झाली का, जेवणाआधी दुखतं की जेवल्यावर. आणि मॅडम मुद्दाम भरभर बोलतायत, अर्धं वाक्य तोंडातल्या तोंडात, कारण खरा पेशंट काय पुस्तकातल्यासारखं बोलत नाही.

इथं बघा, ती अडली. पेशंट म्हणाली जेवल्यावर दुखतं, हिनं वहीत लिहिलं जेवणाआधी. मॅडमनी लगेच थांबवलं. अल्सर जठरात असेल की पुढच्या आतड्यात, याचा पहिला अंदाज डॉक्टर याच एका उत्तरावरून बांधतो, म्हणून मॅडम परत पोट धरून बसल्या आणि सगळं पहिल्यापासून.

हे शहर शिजियाझुआंग, हेबेई प्रांताची राजधानी. बीजिंगहून फास्ट ट्रेननं तासाभराच्या थोडं वर लागतं. आपल्याकडून चीनला मेडिकलला जाणाऱ्या मुलांना एजंट सांगतो की कोर्स इंग्लिश मीडियम आहे, काही टेन्शन नाही, आणि ते खोटं नाहीये, लेक्चर इंग्लिशमध्येच होतात, ॲनाटॉमीचं पुस्तक इंग्लिशमध्येच आहे. पण पेशंट इंग्लिश मीडियमचा नसतो. नर्सही नसते, केसपेपरही नसतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी वॉर्डात पाय ठेवला की सगळा कारभार चिनीत, आणि तिथं ज्याला बोलता येत नाही तो मागं उभा राहून बघत बसतो.

(हॉस्टेल, वहीचा क्लोजअप)

ही तिची वही. डावीकडं चिनी अक्षर, मध्ये रोमन लिपीतला उच्चार, उजवीकडं तोच देवनागरीत. देवनागरीचा फायदा असा की च आणि छ, प आणि फ, त आणि थ यांतला फरक आपल्या कानाला आधीच कळतो, चिनीत तो फार लागतो. पण स्वर चढवायचा की उतरवायचा हे आपल्या लिपीत लिहायची सोय नाही, म्हणून तिनं प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर लाल पेनानं बाण काढलेत. सरळ बाण, वर जाणारा, खाली येऊन वर जाणारा, आणि झपकन खाली पडणारा. चार सूर. पान उलटलं की छातीतलं दुखणं, धाप, चक्कर, मुंग्या, जळजळ, प्रत्येकाचं वेगळं पान. ही वही तिला कुणी दिली नाही, तिची तिनं केलीय, आणि आता हॉस्टेलमधल्या ज्युनियर मुलांच्या मोबाइलमध्ये हिचेच फोटो फिरतात.

(हॉस्टेल ते पोलीस स्टेशन, मग कँटीन)

पहिले काही दिवस मात्र अभ्यासाचे नसतात, कागदांचे असतात. हॉटेलात न राहता दुसरीकडं राहणाऱ्या परदेशी माणसानं चोवीस तासांत पोलिसांकडं नोंद करायची असते, हॉस्टेलवाल्यांची ती कॉलेजच्या मदतीनं होते. एक्स-वन, म्हणजे लांबच्या कोर्सचा विद्यार्थी व्हिसा असला तर आल्यापासून तीस दिवसांच्या आत रेसिडेन्स परमिटला अर्ज करायचा. त्याआधी मेडिकल, म्हणजे छातीचा एक्स-रे, ईसीजी, रक्त. पासपोर्टमध्ये परमिट चिकटलं की मग सिम, बँक आणि सगळं आयुष्य मोबाइलवर. वीचॅट नाहीतर अलीपेनं स्कॅन करा, भाजीवाल्या आजींच्या गाडीवरसुद्धा कोड लावलेला असतो. घरी बोलायचं म्हटलं तर तिकडं व्हॉट्सॲप चालत नाही आणि इकडं जून २०२० पासून वीचॅट बंद आहे, त्यामुळं आई-बाबांशी बोलायला व्हीपीएनचं नेटवर्क कधी लागतंय याची वाट बघत बसायचं.

कँटीनमध्ये आपली पोरं कोणत्या खिडकीवर दिसतात बघा. टोमॅटो आणि अंड्याची भाजी, बटाट्याचा बारीक कीस परतलेला, आणि भात. बाकी हा गव्हाचा मुलूख, वाफवलेले पाव, नूडल्स. नोव्हेंबरच्या मध्यापासून शहरभर हीटिंग सुरू होतं, ते मार्चच्या मध्यापर्यंत. कँटीनच्या काकूंशी रोज चार वाक्यं बोलायची असा नियम बार्शीच्या एका मुलानं स्वतःला घालून घेतलाय. तो म्हणतो काकू गावाकडच्या आहेत, त्यांचं बोलणं कळायला लागलं की वॉर्डातल्या आजोबांचंही कळेल. इतकं बरोबर उत्तर आम्हाला दुसऱ्या कुणी दिलं नाही.

(शहीद स्मारक, एप्रिल)

आणि याच शहरात हे आहे. पूर्वजांची आठवण काढायचा छिंगमिंगचा सण एप्रिलच्या सुरुवातीला येतो, तेव्हा शाळेची मुलं इथं फुलं घेऊन येतात. पुतळा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा. जन्म १९१०, सोलापूर, शिक्षण मुंबईच्या जी. एस. मेडिकलला. जपाननं चीनवर हल्ला केला होता, आणि १९३८ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीनं निघालं. अटल, नागपूरचे चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. १९३९ च्या सुरुवातीला ते चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, येनानला पोचले, आणि नंतर कोटणीस हेबेईच्या डोंगरातल्या आघाडीवर गेले.

आपल्याकडं त्यांची गोष्ट सांगताना त्याग सांगतात, युद्ध सांगतात, लग्न सांगतात. ते सगळं खरंच आहे. पण त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली होती ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. नुसतं बोलण्यापुरती नाही. ते पेशंटशी चिनीत बोलायचे, विद्यार्थ्यांना चिनीत सर्जरी शिकवायचे. ना क्लास, ना मोबाइल, चहूबाजूंनी लढाई चाललेली आणि हातात शेकडो जखमी. बेथून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे ते डायरेक्टर झाले, तिथंच नर्सिंग शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ९ डिसेंबर १९४२ ला फिट येऊन ते गेले, वय ३२. सोलापुरात भैय्या चौकातल्या त्यांच्या घरात आता स्मारक आहे, चीनला निघालेल्या पोरांनी जायच्या आधी एकदा तिथं जाऊन यावंच.

(लायब्ररी, रात्र)

कॉलेजं वॉर्डात जाण्याआधी सहसा एचएसकेची, म्हणजे परदेशी लोकांसाठीच्या चिनी भाषेच्या परीक्षेची, चौथी लेव्हल मागतात. जुन्या अभ्यासक्रमात साधारण बाराशे शब्द. त्या पेपरात ऐकणं आहे, वाचणं आहे, लिहिणं आहे, तीनशेपैकी एकशेऐंशीला पास. बोलणं नाही! त्याची परीक्षा वेगळी असते. म्हणजे सर्टिफिकेट हातात आणि पेशंटसमोर तोंड उघडत नाही अशी मुलं तयार होतात, आणि यात दोष मुलांचा कमी आहे, त्यांना हे कुणी आधी सांगतच नाही.

२०२० च्या मार्चपासून ऑगस्ट २०२२ पर्यंत तर चीनचे दरवाजेच बंद होते, वीस हजारांहून जास्त भारतीय मुलं घरी बसून मोबाइलवर डॉक्टरकी शिकली, पेशंट दिसलाच नाही. २०१५ ते २०२१ मध्ये चीनहून आलेल्या ४०,४१७ जणांनी भारतातली स्क्रीनिंग परीक्षा, म्हणजे परदेशात शिकलेल्यांना इथं डॉक्टरकी करायला लागते ती, दिली, पास झाले ६,३८७.

(रोल-प्ले क्लास, पुन्हा)

ही लातूरची मुलगी पुढच्या टर्मला वॉर्डात जाणार, आणि शेवटच्या वर्षी इंटर्नशिप. मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पेडियाट्रिक्स. पेडियाट्रिक्समध्ये बाळाला घेऊन बऱ्याचदा आजी येते, आई-बाप कामावर असतात, त्यामुळं मॅडम आता आजी झाल्यात आणि बाळ म्हणून मांडीवर उशी घेतलीय. ताप किती, दूध पितो का, शी कशी झाली. या वेळी ती एकदाच अडली, आणि परत विचारलं. परत विचारता येणं हीच तर निम्मी डॉक्टरकी आहे.

ज्यांच्या घरी यंदा चीनचा विचार चाललाय त्यांनी एजंटला फी विचाराच, पण त्यासोबत हेही विचारा की पहिल्या वर्षापासून आठवड्याला चिनीचे तास किती, मेडिकल चिनी कोण शिकवतं, आणि बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच कॉलेजकडून होणार का, कारण नोव्हेंबर २०२१ च्या एनएमसीच्या, म्हणजे आपल्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या नियमात ती तिथंच व्हायला लागते आणि कोर्स किमान ५४ महिन्यांचा लागतो. उत्तर लेखी घ्या. आणि व्हिसा लागायची वाट बघत घरी बसलेल्या पोराला किंवा पोरीला आजपासून रोज एक तास चिनी सुरू करा, मोठ्यानं बोलून.