रुपयाभार गोळी

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयात, सैन्यात शस्त्रदुरुस्ती केलेल्या निवृत्त कारागिराने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बोलायच्या आधी हा रुपया पुढच्या रांगेत देतो. पंचम जॉर्जचा, चांदीचा. आमच्या आजीच्या गाठोड्यातला आहे, तेव्हा फिरून माझ्याकडंच यायला पाहिजे. (हशा) तळहातावर ठेवा, वजनाचा अंदाज घ्या आणि मागं सरकवा.

इंग्रजांनी १८३३ साली तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक इंग्रजी माप), आणि रुपयाही तेवढ्याच वजनाचा. रुपयाभार म्हणजे तोळाभर. आज गुजरीतला सराफ तोळा म्हणतो तेव्हा दहा ग्रॅम धरतो. हा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. बंदुकीच्या गोळीचं वजन मात्र अजूनही ग्रेनमध्येच सांगायची रीत आहे. परदेशात शिकारीला सर्रास वापरतात त्या थर्टी-ऑट-सिक्स रायफलीची एक नेहमीची गोळी १८० ग्रेनची. म्हणजे तुमच्या हातातला रुपया! तोळ्याचे बारा मासे, तेव्हा दुसरी १५० ग्रेनची म्हणजे दहा मासे. काडतुसाच्या डबीवर लिहिलेला हा आकडा आतल्या दारूचा आहे असं पुष्कळांना वाटतं. तो गोळीचा असतो, दारूचा नव्हे.

आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि ते योग्यच झालं. दाजीपूरचं रान संस्थानकाळात शिकारीसाठी राखलेलं होतं, १९५८ साली त्याचं गव्यांसाठी अभयारण्य झालं. तिथं गवा बघायला जा, दुर्बीण घेऊन जा. पण न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं बघून आलेला प्रत्येक पोरगा मला एकच विचारतो: 'काका, एवढ्या मोठ्या जनावराला किती मोठी गोळी लागत असेल ओ?' त्याला उत्तर द्यायचं म्हणून हा विषय घेतला.

लोकांचा हिशेब सरळ असतो: जनावर जड, तर गोळी जड. आता थर्टी-ऑट-सिक्समधून दहा माशांची गोळी सुटते सेकंदाला सुमारे ८८५ मीटरनं आणि तोळ्याची सुमारे ८२० मीटरनं. ऊर्जा काढा, दोन्हींची पावणेचार ते चार हजार ज्यूलच्या घरात येते. नळीच्या तोंडाशी फरक नावापुरता. हलकी गोळी सुरुवातीला जास्त सपाट जाते, त्यामुळं दीडदोनशे मीटरवर अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी निभावतं. गोळ्यांचा आकार एकसारखा असेल तर जड गोळी लांबवर वेग कमी हरवते आणि आडव्या वाऱ्यानं कमी ढळते. एवढं कोणीही सांगेल.

खरी गंमत नळीच्या आत आहे. नळीत आटे, म्हणजे आतून कोरलेल्या लांब खाचा, असतात आणि त्या आट्यांना पीळ असतो, त्यानं गोळी फिरते. थर्टी-ऑट-सिक्सचा पीळ दहा इंचाला एक फेरा. तोळ्याची गोळी त्या वेगानं बाहेर पडते तेव्हा सेकंदाला तीन हजारांवर गिरक्या घेत असते. भोवरा फिरतोय तोवर उभा, गती मेली की लडखडला, तसंच हे. आणि भोवरा जितका उंच आणि बारीक, तितका त्याला फेर जास्त लागतो. एकाच जाडीच्या गोळीत वजन वाढवायचं तर ती लांबच करावी लागते, कारण नळी काही रुंद होत नाही. म्हणून मी म्हणतो, नळीला वजन कळत नाही, लांबी कळते. ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८७९ साली याचं सूत्र बसवलं, त्यात गोळीची जाडी आहे, लांबी आहे, वजनाचं नाव नाही.

अमेरिकेच्या सैन्याचं १९०३ चं काडतूस २२० ग्रेनच्या लांब, बोथट गोळीचं होतं. तिच्यासाठी नळीला दहा इंची पीळ दिला. तीनच वर्षांत टोकदार १५० ग्रेनची गोळी आली, तेच हे थर्टी-ऑट-सिक्स, पण पीळ तसाच राहिला. म्हणून ती रायफल आजही हलकी-जड दोन्ही सांभाळते. सगळ्या रायफली असं करत नाहीत. आता शिशाऐवजी निव्वळ तांब्याच्या गोळ्या आल्यात. मेलेल्या जनावरातलं शिसं खाऊन गिधाडं मरतात, म्हणून कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिसं बंदच केलं. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी आणखी लांब. डबीवर तोच आकडा, पण जुन्या नळीचा पीळ अपुरा पडू शकतो.

निवृत्तीनंतरची गोष्ट. भुदरगडकडचे एक पाटील वडिलांची थ्री-फिफ्टीन रायफल घेऊन आले. लायसन्स वडिलांपासूनचं, पीक राखायला घेतलेलं. म्हणाले, 'काडतुसं बोगस निघाली, हलक्या गोळीची कुठं मिळतील का बघा.' आम्ही रेंजवर गेलो आणि पन्नास मीटरवर कागद लावला. पाच गोळ्यांत तीन भोकं गोल नव्हतीच, आडवी, कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखी. गोळी कोलांट्या खात कागदावर कुशीवर आदळलेली. नळी उजेडाकडं धरून आत बघितलं तर आटे झिजून पार गुळगुळीत, मागच्या बाजूला गंजाचे खड्डे. पावसाळ्यात ती माळ्यावर ठेवत होते, तेलाचा बोळा फिरवलेला नाही. त्या गोळीचं वजन २४४ ग्रेन, तोळा चार मासे, आणि त्यात काही खोट नव्हती. पाटलांना पटलं नाही. चहा घेतला आणि रायफल उचलून घेऊन गेले.

आता जनावराकडं येऊ. चप्पल लाइनीतला कारागीर कातड्याला भोक पाडतो ते आरीनं, हातोडीनं नाही. वजन किती यापेक्षा ते किती बारीक टोकामागं रेटलंय, हे कातडं ओळखतं. डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्यानं आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेचसे सात मिलिमीटर बोअरच्या, म्हणजे तेवढ्या रुंद नळीच्या, रायफलीनं. गोळी १७३ ग्रेनची, तोळाही पुरा भरत नाही! पण ती लांब, सडपातळ आणि टणक आवरणाची होती, आणि हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठं असतो हे बेलला पाठ होतं. जिम कॉर्बेटची रिग्बी रायफल त्याच बोअरची. पण तेवढ्यावरून मी कुणाला सात मिलिमीटर घेऊन गव्यासमोर उभं राहायला सांगणार नाही. आफ्रिकेत अनेक ठिकाणी रानरेड्यासाठी थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह बोअरच्या खालची रायफल कायद्यानंच चालत नाही, आणि तिची नेहमीची गोळी ३०० ग्रेनची, तोळा आठ मासे. बेल एक झाला. त्याचं बघून गेलेल्या किती जणांना जनावरानं तुडवलं त्याची गोष्ट कोण सांगतो?

दुसरी बाजू हरणाची. मऊ टोकाची गोळी आत जाऊन पसरते, जनावर तिथंच बसतं. ही कल्पना आपल्याच कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून जगभर गाजली. १८९९ साली हेगला युद्धात तिला बंदी झाली, शिकारीत ती राहिली, कारण जखमी जनावर पळून झुरत मरू नये. पण जाड आवरणाची भारी गोळी लहानशा हरणात पसरतच नाही, आरपार जाते, आणि ते रानात पळतं. उलट हलकी, मऊ गोळी जवळून मोठ्या जनावराच्या खांद्याच्या हाडावर बसली की वरच फुटते. म्हणून वजन विचारलं की लगेच पुढं बांधणी विचारायची.

धक्क्याचं थोडक्यात सांगतो. जड गोळीनं खांदा दुखला की पुढच्या बाराला माणूस घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटतो. मग कितीही ग्रेन असोत.

आपली कांबळवाडीची शान स्वप्नील कुसाळे, पॅरिसला २०२४ साली ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य. त्या स्पर्धेत पॉइंट टू-टू बोअरच्या रायफलीची गोळी साधारण ४० ग्रेनची, तीन माशांपेक्षा कमी. सगळ्यांची जवळपास तीच, वजन निवडायचा प्रश्नच नाही. तरीही या खेळातले नेमबाज एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून मारून बघतात, आणि जो लॉट त्या नळीला मानवतो तोच उचलतात. शेजाऱ्याच्या नळीला दुसराच लॉट मानवतो. हे वेड बाहेरच्याला कळत नाही. मला फार आवडतं.

तर त्या पोराला मी सांगतो: बाबा, आधी नळी बघ, मग जनावर, मग स्वतःचा खांदा, आणि डबीवरचा आकडा सगळ्यात शेवटी. आता प्रश्न विचारा. पण त्याआधी, माझा रुपया कुठल्या रांगेत अडकलाय? त्या खांबाजवळ? द्या ओ इकडं.