स्कायरिमची जमीन, स्कायरिमची माणसं

(दृश्य : स्कायरिम. व्हाइटरन शहराबाहेरचं मोकळं पठार. एक पात्र पायी चाललंय. दूर बर्फाचा डोंगर.)

‘स्कायरिम’ या व्हिडिओ खेळात समोर ढगात घुसलेला जो डोंगर दिसतोय, त्याच्या शेंड्यावर जाता येतं. तो नुसता मागे रंगवलेला पडदा नाही. पायथ्याशी इव्हरस्टेड नावाचं खेडं आहे, तिथून पायऱ्या सुरू होतात. खेळातली माणसं म्हणतात, सात हजार पायऱ्या. मोजल्या तर तेवढ्या भरत नाहीत, पण चढताना कुणी मोजत बसत नाही. वाटेत दगडात कोरलेले लेख लागतात, बर्फाचं वारं सुटतं, एखादा ट्रोल अंगावर येतो. वर मठात चार म्हातारे साधू राहतात. त्यांना शिधा पोचवणारा क्लिमेक खाली गावात असतो. वारंवार चढणं आता त्याला झेपत नाही, म्हणून तो शिध्याची पिशवी तुमच्याकडे देतो : मठाबाहेरच्या पेटीत तेवढी ठेवा.

या क्लिमेकला भेटला नाहीत तरी कथा कुठे अडत नाही. तरी त्याला तिथं बसवणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. डोंगरावर मठ असेल, तर तिथं पीठ-मीठ नेणारं कुणीतरी असणारच.

(दृश्य : खेळाचं नाव. पार्श्वसंगीत, पुरुषांचा समूहस्वर.)

‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला हा पाचवा मुख्य खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला. तो बनवला अमेरिकेतल्या बेथेस्डा गेम स्टुडिओजनं. दिग्दर्शक टॉड हॉवर्ड, आणि त्यांच्यासोबत सुमारे शंभर जणांचा चमू. मालिका सुरू झाली होती १९९४ मध्ये, ‘अरीना’पासून. हे जे समूहगान ऐकताय ते जेरेमी सोल यांचं. तीसेक पुरुषांचा आवाज तीनदा रेकॉर्ड करून एकावर एक चढवलाय, म्हणून तो नव्वद जणांचा वाटतो. २०२३ पर्यंत या खेळाच्या सहा कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या.

या जातीच्या खेळांना पाश्चात्त्य धाटणीचा रोल-प्लेइंग खेळ म्हणतात. यात नायक तयार मिळत नाही. दहा वंशांतला एक निवडायचा, चेहरा घडवायचा, नाव ठेवायचं. पुढे तलवार धरायची, मंत्र शिकायचे की खिसे कापायचे, हे आपलं आपण ठरवायचं.

(दृश्य : लातूर. ट्यूशन एरियातल्या खोल्या, संध्याकाळ. टेबलावर जुना डेस्कटॉप.)

मराठवाड्यात हा खेळ दुकानांतून फारसा आला नाही. लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगरच्या होस्टेलांत आणि भाड्याच्या खोल्यांत तो पोचला तो बहुतेक पेन ड्राइव्हवरून, मित्राच्या मित्राकडून. आणि तो रुजला त्याचं एक साधं तांत्रिक कारण आहे. मूळ आवृत्तीला २ जीबी रॅम पुरत होती आणि हार्ड डिस्कवर ६ जीबी जागा. वडिलांच्या ऑफिसमधून निघालेला किंवा सेकंड-हँड घेतलेला कॉम्प्युटरसुद्धा, चित्राचा दर्जा खाली आणला, की हा खेळ चालवायचा. एवढं मोठं जग आणि एवढ्या गरीब यंत्रावर. या गोष्टीचं श्रेय त्या चमूला पुरेसं मिळालेलं नाही, असं मला वाटतं.

पेन ड्राइव्हच्या वाटेचा एक तोटाही होता. दुरुस्त्या इंटरनेटवरून यायच्या, आणि या प्रतींना त्या मिळायच्या नाहीत. त्यामुळे जगानं २०११ च्या डिसेंबरात विसरून टाकलेल्या चुका आपल्याकडची पोरं पुढे कितीतरी दिवस पाहत होती. त्यात भारनियमन. लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून एफ-५ च्या बटणावर बोट ठेवूनच खेळायचं. दार उघडायच्या आधी सेव्ह, लढाईच्या आधी सेव्ह.

(दृश्य : फ्रॉस्टफ्लो दीपगृह. समुद्र, बर्फ, बंद दार.)

स्कायरिमचं खरं बळ कुठे आहे हे पाहायचं असेल तर मुख्य कथा बाजूला ठेवा आणि उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या या दीपगृहात जा. इथं तुम्हाला कुणी पाठवत नाही, नकाशावर बाण नाही, काम दिल्याची नोंद नाही. दार ढकललं की समोर एका बाईचं प्रेत. शेजारी वही.

वही वाचली की कुटुंब कळतं. हाब्द हा दर्यावर्दी. म्हातारपण समुद्राजवळ काढावं म्हणून त्यानं हे दीपगृह घेतलं, बायको रमती आणि दोन मुलांना घेऊन तो इथं आला. मग तळघरातून आवाज यायला लागले. पुढचं तुम्ही पायऱ्या उतरत, एकेक चिठ्ठी उचलत समजून घेता. मुलीची चिठ्ठी हातात येते तेव्हा भराभर पुढे जायची इच्छाच उरत नाही. शेवटी खालच्या गुहेत, एका अजस्र किड्याच्या पोटात, हाब्दचे अवशेष सापडतात. मेल्यावर आपल्याला दीपगृहाच्या आगीत ठेवावं, अशी त्याची इच्छा तुम्ही कुठेतरी वाचलेली असते. आता ती पुरी करा म्हणून कुणी सांगत नाही. तुम्ही आपणहून वर जाता, आगीत ते अवशेष ठेवता, आणि खेळ एक छोटंसं वरदान देतो. तेवढंच. टाळ्या नाहीत, पाटी नाही.

वाचणाऱ्यावर इतका विश्वास टाकणारे खेळ फार थोडे आहेत. खेळभर असं विखुरलेलं आहे : हाडांचा सापळा कसा पडलाय, टेबलावर किती ताटं मांडलीत, कुठलं दार आतून लावलंय. जमिनीनं सगळं जपून ठेवलेलं असतं, बघायला वेळ मात्र काढावा लागतो.

(दृश्य : देवगिरी किल्ला. खंदक, तासलेला कडा, अंधारीचं तोंड.)

भुयारांबद्दल मात्र मला तक्रार आहे, आणि ती देवगिरी पाहिलेल्या माणसाची तक्रार आहे. यादवांच्या या राजधानीत वर जायचं तर खंदक ओलांडून अंधारीतून जावं लागतं. डोंगराच्या पोटात कोरलेली काळोखी, वळणावळणाची वाट. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण, त्यावर आग पेटवली की धूर आणि धग खाली. आत आलेल्या शत्रूनं कुठे चुकावं आणि कुठे गुदमरावं याचा विचार तिथल्या प्रत्येक वळणात दिसतो.

स्कायरिमची प्राचीन थडगी दिसायला तशीच भीतिदायक आहेत. भिंतीतले मुडदे डोळे उघडतात तेव्हा आजही दचकायला होतं. पण कुलूप बघा. पहिल्याच मोठ्या थडग्यात, ब्लीक फॉल्समध्ये, तीन चकत्यांचं दार आहे. अस्वल, पतंग, घुबड असा क्रम लावायचा. हा क्रम कुठे लिहिलाय? ते दार उघडणाऱ्या सोन्याच्या पंजाच्या तळव्यावरच! पुढेही खांब फिरवायचे असले की उत्तर बहुधा तिथल्याच भिंतीवर कोरलेलं असतं. शंभराहून जास्त गुहा-थडगी-किल्ले रचणारे हे लोक, जागा उभी करण्यात इतके तयार, आणि अडवण्याच्या बाबतीत इतके मवाळ का झाले असतील? खेळणारा कंटाळून उठून जाईल या भीतीनं, असंच वाटतं. शेवटची पेटी उघडली की जवळच एक मागचं दार असतं आणि ते तुम्हाला परत सुरुवातीशी आणून सोडतं. दमलेल्या माणसाची ही सोय मला पटते. कोड्यांची पटत नाही.

(दृश्य : भात्यावर लोहारकाम. कौशल्यांचे तारे.)

हीच मवाळी वाढीच्या पद्धतीत आहे. आधीच्या खेळांतले ताकद, बुद्धी, चपळाई वगैरे गुण इथं काढून टाकले. उरली अठरा कौशल्यं, आणि जे कराल ते वाढेल. कल्पना सुरेख आहे. तलवार चालवणाऱ्याचा हात तलवारीवर बसतो, यात काय खोटं? पण सुरुवातीच्या आवृत्तीत लोखंडी सुरे एकामागून एक ठोकत बसलं तरी माणूस महान लोहार व्हायचा. आणि लपून बाण मारण्याचा फायदा इतका मोठा, की मांत्रिक व्हायचं ठरवून निघालेलासुद्धा वीसेक तासांनी झुडपाआड धनुष्य ताणून बसलेला सापडतो.

(दृश्य : विंटरहोल्डचं विद्यापीठ. बर्फ.)

आता माणसांकडे येऊ. या खेळाचं दुखणं इथंच आहे.

उत्तरेला जादूगारांचं विद्यापीठ आहे. प्रवेशाला एखादा साधा मंत्र दाखवायचा, पुढेही दोन-चार पुरतात, आणि कुऱ्हाड चालवणारा गडी काही कामं करून त्याचा सर्वोच्च आचार्य होतो. मग व्हाइटरनला जाऊन लढवय्यांच्या संघात उमेदवार म्हणून नाव घातलं, तर पहारेकरी विचारतो, दारू आणून देणारा तूच का रे? पहारेकऱ्यांच्या तोंडी कौतुकाच्याही ओळी आहेत, हे खरं. पण तुम्ही ड्रॅगन मारलेत, आचार्य झालात, राजसभेत बसलात, या सगळ्याची गाठ कुणाच्या मनात बांधलेली दिसत नाही.

आमच्याकडे बांधावरचं भांडण तिसऱ्या पिढीला तोंडपाठ असतं. सोयरीक जमवताना ते निघतं. वाईट खोड आहे, पण गाव म्हणजे ती आठवण. स्कायरिमच्या गावांना घरं आहेत, चुली आहेत, रात्री माणसं झोपतात, सकाळी लोहार भट्टी पेटवतो. आठवण तेवढी नाही.

आणि हे जास्त लागतं, कारण मांडणी फार मोठी केली आहे. साम्राज्यानं तह केला, त्यात टॅलोस या देवाची पूजा बंद झाली. उल्फ्रिक या बंडखोर सरदारानं राजाला द्वंद्वात मारलं आणि बंड उभं राहिलं. देव सोडून शांतता विकत घ्यावी का? बंड करणारा देशभक्त की सत्तेचा भुकेला? दोन्ही बाजूंना खरी माणसं आहेत, दोन्हींकडे अन्याय आहे. मार्कार्थ शहरात शिरताच भर बाजारात एका बाईवर सुरा चालतो. तो धागा धरून गेलात तर खाणीच्या तुरुंगात पोचता, आणि तिथं कळतं की स्कायरिमवर राज्य करणाऱ्या नॉर्ड लोकांनी या भागातल्या मूळ रहिवाशांचं काय केलं. अख्ख्या खेळातलं हे माझं आवडतं प्रकरण.

पण युद्ध? मूठभर सैनिक, एकसारखे किल्ले, पुन्हा तेच. याहून मोठं युद्ध योजलं होतं आणि मग कापलं, हे खेळाच्या फायलींत उरलेल्या तुकड्यांवरून दिसतं. युद्ध संपल्यावर काही गादीवरची माणसं बदलतात, पहारेकऱ्यांचे कपडे बदलतात. विंडहेल्ममध्ये डार्क एल्फ निर्वासित एका कोंदट वस्तीत राहतात, सरड्यासारख्या दिसणाऱ्या अर्गोनियनांना तर तटाच्या आतही घेत नाहीत. साम्राज्य जिंकलं की नवा प्रमुख येतो आणि सुधारणेचा शब्द देतो. तुम्ही महिन्यानं परत जाऊन बघा. वस्ती तशीच.

(दृश्य : डोंगराचा शेंडा. म्हातारा ड्रॅगन पार्थर्नाक्स.)

सर्वांत मोठी चुकलेली संधी इथं, या शेंड्यावर. पार्थर्नाक्सनं पूर्वी माणसांवर अनन्वित अत्याचार केले, मग बाजू बदलली आणि शतकानुशतकं स्वतःच्या स्वभावाशी झुंजत राहिला. जन्मतः चांगलं असणं श्रेष्ठ, की मोठ्या कष्टानं आपल्यातल्या वाईटावर मात करणं, असा प्रश्न तो तुम्हाला विचारतो. नंतर तुमचेच साथीदार, ब्लेड्स, सांगतात : याला मार. तुम्हाला दोनच वाटा. मारा, नाहीतर त्यांच्याकडे पुन्हा फिरकू नका. “मी मारणार नाही, आणि का ते ऐका,” असं म्हणायची सोयच नाही. इतका सुंदर प्रश्न विचारून उत्तर द्यायला तोंड दिलं नाही.

असं का झालं असेल? एक कारण आवाजात आहे. या खेळात साठ हजारांहून जास्त संवाद आहेत आणि सगळे नटांनी बोललेले. मॅक्स फॉन सिडो, ख्रिस्तोफर प्लमर यांच्यासारखे थोर नट त्यात आहेत. माणसानं तुमची एक गोष्ट लक्षात ठेवायची म्हटली, तरी ती ओळ लिहून बोलून घ्यावी लागते. याच मालिकेतल्या २००२ च्या ‘मोरोविंड’मध्ये बहुतेक संभाषण अक्षरांत होतं, म्हणून त्याला जमलं : एका घराण्यात गेलात की दुसऱ्याचं दार बंद, अंगात कौशल्य नसेल तर बढती नाही. दुसरं कारण धोरणाचं. कुणालाही काहीही नाकारायचं नाही, असं स्कायरिमनं ठरवलं होतं. सगळं मिळतं, म्हणून कशाचीच किंमत पडत नाही.

(दृश्य : उलटे उडणारे ड्रॅगन, आकाशात भिरकावलेला खेळाडू.)

बिघाडांबद्दल थोडक्यात. एका अपडेटनंतर ड्रॅगन चक्क मागे मागे उडायला लागले होते. राक्षसाचा सोटा बसला की माणूस ढगात जायचा. प्लेस्टेशन ३ वर सेव्ह फाइल फुगली की खेळ रखडायचा, आणि ही गंमत नव्हती; पैसे देऊन घेतलेल्या लोकांवर तो अन्याय होता.

(दृश्य : मॉडची यादी. स्क्रीनवर एक विद्यार्थी.)

बरंच काही सावरलं ते खेळणाऱ्यांनी. फेब्रुवारी २०१२ मध्ये बेथेस्डानं क्रिएशन किट, म्हणजे खेळ घडवायची हत्यारंच, लोकांच्या हाती दिली. पैसे घेऊन मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी खेळात केलेले बदल, विकायचा प्रयत्न एप्रिल २०१५ मध्ये झाला, पण लोक इतके खवळले की काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला. फुकट वाटणाऱ्यांनी मात्र चुका दुरुस्त केल्या, कापलेलं युद्ध परत जोडलं. जर्मनीतल्या शुअर-एआय या गटानं ‘एन्डेरल’ नावाचं संपूर्ण वेगळं जग यावर उभारलं. ‘द फरगॉटन सिटी’ या ऑस्ट्रेलियन मॉडला २०१६ मध्ये तिथल्या लेखक संघाचा पुरस्कार मिळाला, आणि २०२१ मध्ये त्याचा स्वतंत्र खेळ झाला. त्यात एकानं पाप केलं की अख्खं शहर मरतं. केल्याची किंमत मोजावी लागते, नेमकी तीच गोष्ट जी मूळ खेळात नव्हती.

आज सुरुवात करणार असाल तर २०१६ ची स्पेशल एडिशन घ्या. तिला ८ जीबी रॅम लागते, आणि सवलतीच्या दिवसांत ती बऱ्याच कमी किमतीत मिळते. आधी अनधिकृत दुरुस्ती-पॅच टाका, बाकी मॉड नंतर. एका झटक्यात कुठेही पोचवणारा फास्ट ट्रॅव्हल पहिले काही दिवस वापरू नका. घाई नसेल तर घोडागाडीसुद्धा सोडा. व्हाइटरनहून पश्चिमेला मार्कार्थपर्यंत रस्ता धरून पायी जा, वाटेत मिळेल ती वही वाचा, आणि बाजारात शिरताना त्या बाईकडे लक्ष ठेवा. चपळ असाल तर तिला वाचवता येतं.